दोन तळेगावे आणि लाहोरचा तुरुंग

(द्वितीय वर्ष, कला)

माझी मावशी तळेगाव ढमढेऱ्याला दिली आहे. आमचे गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठावर. लहानपणी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत माझा मुक्काम हमखास मावशीकडे असायचा. पारगावचा पूल ओलांडून न्हावरे आणि न्हावऱ्याहून तळेगाव असा तो एस.टी.चा प्रवास. वेळ नदीला पाणी असले की आम्ही मावसभावंडे दिवसभर तिथेच पडलेलो असायचो. त्या गावचा बाजार मला पाठ आहे, बोळ पाठ आहेत, कोणत्या घरचे कुत्रे चावरे तेही पाठ आहे. पण त्याच गावात जन्मलेल्या विष्णू गणेश पिंगळे यांचे नाव मला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

ते कळले शिरूरला कॉलेजात आल्यावर, आणि तेही पंजाबच्या इतिहासातून. इतिहासाच्या सरांनी गदर चळवळीवर टिपण काढून आणायला सांगितले होते. ग्रंथालयात बसून मी १९१५ साली लाहोरच्या तुरुंगात एकाच दिवशी फाशी गेलेल्या सात जणांची नावे वहीत उतरवीत होतो. सहा नावांच्या शेवटी सिंग होते. सातवे नाव लिहिले तेव्हा काहीतरी वेगळे वाटले. आणखी एक पुस्तक काढून पाहिले, तर जन्मगाव तळेगाव ढमढेरे, जिल्हा पुणे. हातातले पेन तसेच राहिले. ज्याच्या गावच्या नदीत मी डुंबलो तो माणूस शंभर वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे जाऊन, परत येऊन, पंजाबात देशासाठी फासावर चढला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता! हा लेख म्हणजे त्या लाजेची थोडीशी फेड आहे असे वाचकांनी समजावे.

विष्णू गणेश पिंगळे यांचा जन्म जानेवारी १८८८ मधला. घर मोठे, भावंडे पुष्कळ, आणि विष्णू त्यांत धाकटा. शेंडेफळाचे लाड जसे कोणत्याही घरात होतात तसे त्याचेही झाले असतील. पण हा मुलगा वाढत होता तो काळ लाडाचा नव्हता. १८९६-९७ मध्ये दुष्काळ आणि प्लेग हातात हात घालून पुणे जिल्ह्यात शिरले. १९०५ साली बंगालची फाळणी झाली तेव्हा विष्णू सतरा वर्षांचा होता. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य हे चार शब्द त्या वेळी पुण्यात नुसते सभेत बोलले जात नव्हते. त्यांच्यामुळे मुले सरकारी शाळा सोडीत होती आणि परदेशी कापडाच्या होळ्या करीत होती.

पुणे जिल्ह्यात तळेगावे दोन. एक ढमढेऱ्यांचे, आमच्या शिरूर तालुक्यातले. दुसरे दाभाड्यांचे, मावळातले. दोन्ही गावांना मराठेशाहीतल्या सरदार घराण्यांची नावे. पिंगळ्यांच्या आयुष्याची वाट एका तळेगावाहून दुसऱ्या तळेगावी गेली. तळेगाव दाभाडे येथे प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय होते. सरकारची एक पैची मदत न घेता, मातृभाषेतून, उद्योगाचे हात शिकवीत चालणारी ती राष्ट्रीय शाळा होती. त्याच गावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून जमवलेल्या फंडातून तो निघाला होता. बाजारातली भाजीवाली आणि वकील दोघांनीही एकेक पैसाच द्यायचा, ही कल्पनाच मला आज वाचताना मोठी विलक्षण वाटते. अशा हवेत शिकणाऱ्या मुलाला इंजिनिअर व्हावेसे वाटले, देशात यंत्रे असावीत असे वाटले, यात नवल नाही.

पण सरकारला ती शाळा खुपत होती. १९०८ साली टिळकांना मंडालेला धाडले गेले. त्याच साली विजापूरकरांनाही लेखाबद्दल तुरुंगात टाकले. १९१० साली समर्थ विद्यालय सरकारने बंद पाडले. बावीस वर्षांच्या तरुणाची शाळा सरकारी हुकमाने बंद होते, गुरू तुरुंगात जातो, पुढारी ब्रह्मदेशात कैदेत आहे, आणि घरी सगळे म्हणत असतील की आता तरी मुकाट्याने नोकरी धर. या ठिकाणी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. कारण आयुष्याला वळण लागते ते अशाच जागी. काही जण तिथून घरी परततात, काहींची वाट लांबत जाते.

पिंगळ्यांची वाट अमेरिकेपर्यंत लांबली. शाळा बंद पडल्यानंतरच्या दोनेक वर्षांत ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकण्यासाठी दाखल झालेले दिसतात. आज परदेशी शिकायला जाणे म्हणजे विमानतळावर हारतुरे आणि मोबाइलवर फोटो. त्या वेळी तो आठवड्यांचा बोटीचा प्रवास होता, आणि तिकडे गेल्यावर बहुतेक हिंदी विद्यार्थी सुट्टीत शेतावर, लाकडाच्या गिरणीत, हॉटेलात भांडी विसळण्यात राबून फी भरीत.

त्या किनाऱ्यावर त्या वेळी हजारो पंजाबी शेतकरी मजुरीला गेलेले होते. बरेचसे शीख, त्यांतले कित्येक इंग्रजांच्या फौजेतून निवृत्त झालेले शिपाई. ज्या साम्राज्यासाठी चीनमध्ये, आफ्रिकेत लढलो त्याच साम्राज्याची प्रजा म्हणून परक्या देशात आपल्याला किंमत नाही, हे त्यांना तिथे कळले. १९०७ साली बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने हिंदी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला कोणी सरकार नव्हते. गुलाम देशाच्या माणसाला परदेशातही घर नसते, हा धडा त्या गिरण्यांनी त्यांना शिकवला. १९१३ साली या मजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून संघटना स्थापली. सोहनसिंग भकना हे गिरणी-कामगार अध्यक्ष आणि लाला हरदयाळ हे विद्वान चिटणीस. नोव्हेंबर १९१३ मध्ये सान फ्रान्सिस्कोहून त्यांचे पत्र निघाले, त्याचे नाव 'गदर', म्हणजे बंड. पुढे संघटनेलाही तेच नाव चिकटले. आपल्या महाराष्ट्रातले, मूळचे वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे या संघटनेच्या आरंभीच्या मंडळींत होते. पिंगळेही त्यात ओढले गेले.

याच गदरच्या छापखान्यात हाताने यंत्र फिरवणारा एक मुलगा होता, कर्तारसिंग सराभा. लुधियाना जिल्ह्यातल्या सराभा गावचा, जन्म २४ मे १८९६. वडील लहानपणीच वारले, आजोबांनी वाढवले आणि शिकायला अमेरिकेला धाडले. त्याच्याविषयी मी या लेखात एकेरीत लिहिणार आहे. त्यात अनादर नाही. तो माझ्याच वयाचा आहे, आणि आपल्या वयाच्या मुलाला अहोजाहो करणे मला जमत नाही. पिंगळे त्याच्याहून आठ वर्षांनी मोठे. एकाची भाषा मराठी, दुसऱ्याची पंजाबी. एक पुणे जिल्ह्यातला, दुसरा सतलजकाठचा. एरवी या दोघांची आयुष्यात कधी गाठ पडण्याचे कारण नव्हते. पण एका कामात पडलेली माणसे जशी जवळ येतात तशी ही जवळ आली, आणि ती जवळीक शेवटपर्यंत टिकली. शेवट काय झाला ते पुढे येईलच.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. इंग्रजांचे सैन्य युरोपात गुंतले. हीच वेळ आहे असे गदरवाल्यांना वाटले. शिकत असलेल्यांनी वर्ग सोडले, मजुरांनी गिरण्या सोडल्या, साठवलेले डॉलर काढले आणि माणसे बोटींवर चढली. सरकारला याचा सुगावा होता. सप्टेंबर १९१४ मध्येच बाहेरून येणाऱ्यांना अडवण्याचा कायदा झाला. कॅनडाने परत धाडलेल्या कोमागाटा मारू जहाजातील उतारूंवर त्याच महिन्यात कलकत्त्याजवळ बजबज येथे गोळीबार झाला. अनेक गदरवाले बंदरावर उतरताच धरले गेले. पिंगळे मात्र सत्येन सेन यांच्यासह सालामिन नावाच्या बोटीने नोव्हेंबर १९१४ मध्ये कलकत्त्याला उतरले आणि पोलिसांच्या हातून निसटले.

इथून पुढचे अवघे चार महिने म्हणजे पिंगळ्यांचे खरे आयुष्य. कलकत्त्यात ते जतींद्रनाथ मुखर्जी, म्हणजे लोक ज्यांना बाघा जतीन म्हणत, त्यांना भेटले. तिथून काशीला जाऊन रासबिहारी बोस यांना गाठले. रासबिहारींच्या मागे १९१२ सालच्या दिल्लीच्या बाँब प्रकरणापासून पोलिसांचा ससेमिरा होता. पकडून देणाऱ्याला मोठे इनाम लागलेले होते. काशीत त्यांच्याबरोबर शचींद्रनाथ सान्याल हा तरुण होता. या मंडळींना पिंगळ्यांनी सांगितलेली बातमी महत्त्वाची होती : अमेरिकेहून हजारो माणसे परतली आहेत, मरायला तयार आहेत, पण पंजाबात त्यांना वाट दाखवणारे कोणी नाही.

मला वाटते पिंगळ्यांचे मोठेपण नेमके इथे आहे. बंगाल्यांजवळ गुप्त कामाचा अनुभव होता, बाँब करण्याची विद्या होती. पण फौजेत त्यांची माणसे नव्हती. पंजाब्यांजवळ माणसे होती, त्यांचे भाऊबंद पलटणींत होते. पण अनुभव नव्हता. दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. ही ओळख करून देणारा दुवा ठरला एक मराठी तरुण. डिसेंबर १९१४ मध्ये ते पंजाबात गेले, गदरवाल्यांशी बोलणी केली. पाठोपाठ सान्याल गेले आणि जानेवारी १९१५ मध्ये स्वतः रासबिहारी अमृतसरला व नंतर लाहोरला येऊन राहिले. प्रांतांची भांडणे आजही आपण ऐकतो. त्या वेळी बंगाली पुढारी, पंजाबी सैनिक आणि मराठी निरोप्या अशी मोट बांधली गेली होती, आणि कोणी कोणाला तू कुठला असे विचारीत नव्हते.

बेत असा होता की २१ फेब्रुवारी १९१५ रोजी लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत आणि फिरोजपूरला पलटणींनी उठाव करायचा, आणि त्या इशाऱ्यासरशी उत्तर हिंदुस्थानातल्या इतर छावण्यांनी उठायचे. १८५७ ची पुनरावृत्ती, पण या वेळी आखणीने. पिंगळे, कर्तारसिंग आणि त्यांचे सोबती छावण्या-छावण्यांतून फिरत होते. शिपायांशी बोलायचे, अंदाज घ्यायचा, दुसऱ्या गावाची गाडी धरायची. दौंडसारख्या जंक्शनच्या आसपास वाढल्यामुळे मला रेल्वेचा तिसऱ्या वर्गाचा डबा डोळ्यांसमोर आणता येतो. अनोळखी स्टेशन, अनोळखी भाषा, खिशात जेमतेम पैसे, आणि समोर बसलेला माणूस पोलिसांचा आहे की प्रवासी आहे हे ओळखण्याची सारखी धडपड.

घात झाला तो आतूनच. कृपालसिंग नावाचा माणूस पोलिसांनी गटात पेरला होता. संशय आल्यावर तारीख दोन दिवस अलीकडे, १९ फेब्रुवारीवर आणली. पण तीही त्याने कळवली. संशयित पलटणींची हत्यारे काढून घेतली गेली, लाहोरच्या घरांवर छापे पडले. कर्तारसिंग माणसांची तुकडी घेऊन फिरोजपूरला पोहोचला तेव्हा तिथे उठायला कोणी उरले नव्हते. त्याच आठवड्यात, १५ फेब्रुवारीला, सिंगापूरच्या हिंदी पलटणीने मात्र खरोखरच बंड केले आणि ते चिरडले गेले. हिंदुस्थानात बंड पेटण्याआधीच विझले.

आता विचार करा. बेत फसला आहे, सोबती धरले जात आहेत, पुढारी नाहीसे होत आहेत. शहाण्या माणसाने काय करावे? देशाबाहेर पडावे. रासबिहारी त्याच वर्षी जपानला निसटले आणि तिथून पुढे तीस वर्षे देशासाठी झटत राहिले. त्यांनी केले ते योग्यच होते. कर्तारसिंग दोन सोबत्यांसह सरहद्दीच्या वाटेवर होता. पण तो परत फिरला आणि २ मार्च १९१५ रोजी सरगोध्याजवळ, पुन्हा शिपायांनाच उठवायला गेला असताना पकडला गेला. पिंगळे रासबिहारींबरोबर काशीला सुखरूप पोहोचले होते. तेही थांबले नाहीत. बाँब घेऊन मीरतला गेले. १८५७ चे बंड जिथून सुरू झाले तेच हे मीरत. तिथे बाराव्या घोडदळाच्या वस्तीत ते शिपायांची मने वळवीत होते. एका जमादाराने साथ देतो असे दाखवून त्यांना पकडून दिले. २३ मार्च १९१५. त्यांच्याजवळ दहा बाँब सापडले.

दोघे मित्र तीन आठवड्यांच्या अंतराने, शेकडो मैलांच्या अंतरावर, अगदी एकसारखी गोष्ट करताना धरले गेले. एकमेकांना विचारायला तर वाव नव्हता. तरीही दोघांनी एकच केले. मैत्री म्हणजे रोज सोबत असणे अशी माझी आजवर समजूत होती. मित्र समोर नसतानाही तो जे करील तेच आपल्या हातून होणे, हीही मैत्रीच असावी.

खटला लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगातच चालला. युद्धकाळासाठी मार्च १९१५ मध्ये केलेल्या भारत संरक्षण कायद्याखाली खास न्यायालय नेमले होते. त्याच्या निकालावर अपील नव्हते. आरोपींच्या त्या गर्दीत गिरण्यांत राबलेले मजूर होते, शेतकरी होते, माजी शिपाई होते, शिकलेले होते. कर्तारसिंगाने सारी जबाबदारी आपल्या अंगावर घेतली. १३ सप्टेंबर १९१५ रोजी चोवीस जणांना फाशी सुनावली गेली. त्यांतल्या सतरा जणांची शिक्षा नंतर जन्मठेपेवर आली. सोहनसिंग भकना त्यांतलेच एक. उरले सात : कर्तारसिंग सराभा, विष्णू गणेश पिंगळे, जगतसिंग, हरनामसिंग सियालकोटी, बक्षीससिंग आणि सुरैणसिंग नावाचे दोघे. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी सातही जण लाहोरला फासावर गेले. पिंगळे सत्तावीस वर्षांचे होते. कर्तारसिंग एकोणीस वर्षांचा होता.

एकोणीस. मीही एकोणीस वर्षांचा आहे. हा आकडा लिहिताना अंगावर काटा आला असे लिहायचा मोह होतो. पण खरे सांगायचे तर काटा आला नाही, ओशाळे वाटले. मी एकोणिसाव्या वर्षी काय करतो? परीक्षेचा अर्ज भरतो, शिष्यवृत्तीचे पैसे जमा झाले का ते पाहतो, शिरूर स्टँडवर गाडीची वाट बघतो.

या लोकांचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर इतिहासाचे सर मला वर्गाबाहेर काढतील. पैशासाठी गदरवाल्यांनी पंजाबात दरोडे घातले, आणि त्यामुळे ज्या गावकऱ्यांसाठी लढायचे तेच बिथरले. परदेशातून परतलेल्यांना वाटत होते की देश पेटायला तयार बसला आहे. प्रत्यक्षात गावे आपल्या पोटापाण्यात होती आणि पलटणींत भरतीच्या रांगा लागत होत्या. कोणावरही चटकन विश्वास टाकला, त्याची किंमत मोजली. शस्त्राने स्वातंत्र्य मिळते की लोकांना जागे करून, हा वाद पुढे आपल्या देशाने फार मोठ्या प्रमाणावर घातला आणि दुसरा मार्ग मुख्यतः धरला. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. चुकले ते बेतात चुकले. मनात खोट नव्हती.

आणि ते सगळे वायाही गेले नाही. कसे ते पाहा. काशीचे शचींद्रनाथ सान्याल यांना जन्मठेप होऊन अंदमानला जावे लागले. १९२० साली सुटल्यावर त्यांनी आपल्या आठवणींचे 'बंदी जीवन' हे पुस्तक लिहिले, त्यात पिंगळेही आहेत. १९२४ साली त्यांच्याच पुढाकाराने हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशन ही क्रांतिकारकांची संघटना उभी राहिली. १९२८ मध्ये तिच्या नावात सोशालिस्ट हा शब्द आला, आणि भगतसिंग, चंद्रशेखर आझाद तिचे पुढारी झाले. कर्तारसिंग फाशी गेला तेव्हा भगतसिंग आठ वर्षांचे होते. मोठेपणी ते कर्तारसिंगाचा फोटो जवळ बाळगीत. या संघटनेत पुणे जिल्ह्यातला एक तरुण दाखल झाला, खेडचे शिवराम हरी राजगुरू. २३ मार्च १९३१ रोजी त्याच लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर ते फासावर गेले. वय बावीस.

खेड तालुका आणि शिरूर तालुका यांची शीव एकमेकांना लागून आहे. पिंगळे मीरतला पकडले गेले ती तारीख २३ मार्च; सोळा वर्षांनी राजगुरू गेले ती तारीखही २३ मार्च. तारखा जुळणे हा योगायोग. पण पिंगळ्यांकडून सान्यालांकडे, सान्यालांकडून त्या संघटनेकडे आणि संघटनेतून राजगुरूंकडे ही जी वाट जाते ती योगायोगाची नाही. शेजारच्या दोन तालुक्यांतली ही दोन मुले एकमेकांना कधी भेटली नाहीत. तळेगावाहून खेडला जाणारा हा रस्ता काशी, अंदमान आणि लाहोरवरून गेला. आज लाहोर पाकिस्तानात आहे. आमच्या जिल्ह्यातल्या दोन मुलांचा शेवटचा श्वास जिथे विरला ते शहर आता परदेश झाले आहे, हे मनाला चमत्कारिक वाटते.

आता थोडे माझ्याविषयी लिहितो, ते क्षम्य मानावे. माझ्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील हंगामात गुऱ्हाळावर असतात, चुलवाणात पाचट घालून जाळ सांभाळतात. आई शाळेत गेलेली नाही. पहिलीपासून बारावीपर्यंत माझ्याबरोबर एकाच बाकावर बसणारा माझा एक मित्र प्रथम वर्षालाही माझ्याबरोबर शिरूरला येत होता. आम्ही दोघांनी मिळून गावात वाचनालय काढले होते. दारोदार फिरून जुनी पुस्तके मागितली. एकंदर त्रेसष्ट पुस्तके जमली, त्यांतली निम्मी देवादिकांची आणि पाच शाळेची क्रमिक. शाळेच्या व्हरांड्यात दर रविवारी बसायचो. चार महिने ते चालले. मग मित्राच्या वडिलांची पाठ धरली, त्यांना ओझे उचलणे बंद झाले, आणि मित्र कॉलेज सोडून रांजणगावला एका कंपनीत कंत्राटावर लागला. वाचनालयाची पेटी माझ्या घरी आली, आणि कांद्याच्या पोत्यांमागे जाऊन पडली. मी एकट्याने ते चालवले नाही. कारणे पुष्कळ सांगता येतील, पण खरे कारण एवढेच की मित्र नसल्यावर माझी हिंमत गेली.

पिंगळ्यांविषयी वाचलेले मी पहिल्यांदा त्यालाच सांगितले. सुट्टीच्या दिवशी आम्ही पारगावच्या पुलावर बसलो होतो. त्याच्या पायात कंपनीचे बूट होते. समर्थ विद्यालय, सिअ‍ॅटल, बोट, मीरत, सगळे ऐकून घेतले त्याने. कर्तारसिंगाचे वय सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने पैसा फंडाबद्दल पुन्हा विचारले. माणशी एक पैसा म्हणजे खरोखर एकच पैसा का, जास्त दिला तर घेत नसत का, असे. मग वाचनालयाच्या पेटीला उंदीर लागले आहेत का हे विचारले. मला सांगायची लाज वाटली की मी पाहिलेले नाही.

घरी जाऊन पोती हलवून पाहिले. उंदीर लागले होते. अकरा पुस्तके गेली, बावन्न उरली. त्या बावन्न पुस्तकांनिशी गेल्या महिन्यापासून रविवारी व्हरांड्यात पुन्हा बसतो. महिन्याला घरटी पाच रुपये असे ठरवले आहे, कमी नाही आणि जास्तही नाही. सरपंचांनी पाचशेची नोट काढली होती, त्यांनाही चारशे पंच्याण्णव रुपये परत केले. आधी त्यांना राग आला, मग हसले. आतापर्यंत सतरा घरे झाली आहेत. मित्राची पाळी दिवसाची असली की तो संध्याकाळी येऊन नोंदवही लिहितो. त्याचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, पूर्वीपासूनच.

या कामाची पिंगळ्यांच्या कामाशी तुलना करण्याइतका मी वेडा नाही. त्यांनी प्राण दिले, आम्ही पाच रुपये देतो. पण त्यांचे चरित्र वाचून मला एवढे कळले की काम बंद पडले म्हणजे संपले असे नसते. पुढे ते कोण उचलील हे आपल्याला दिसत नाही, इतकेच. तळेगाव दाभाड्याची शाळा बंद पडली, लाहोरचे बंड फसले, आणि तरीही खेडचा एक मुलगा त्याच वाटेने चालत गेला.

आपल्या कॉलेजात शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या कितीतरी गावांची मुले-मुली शिकतात. माझी सर्वांना विनंती आहे की सुट्टीत घरी गेल्यावर आपापल्या गावात एकदा चौकशी करावी. माझ्यासारखी लाज कोणावर येऊ नये. पुढच्या दिवाळीत मावशीकडे जाईन तेव्हा वेळ नदीवर जाईनच. पण या वेळी आधी मावसभावंडांना बसवून विष्णू गणेश पिंगळ्यांची गोष्ट सांगणार आहे. त्यांच्या गावचा माणूस आहे. त्यांना ती माझ्याआधी कळायला हवी होती.